दुकान बंद होण्याआधी: पुण्यातल्या एका रेकॉर्ड-कॅसेट दुकानाच्या प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

सदाशिव पेठेतलं एक जुनं रेकॉर्ड-कॅसेटचं दुकान या डिसेंबरअखेर बंद होतंय. वाडा पुनर्विकासाला निघालाय आणि नव्या इमारतीत पुन्हा दुकान थाटायची दुकान चालवणाऱ्या काकांची इच्छा नाही. वय झालं, मुलं परदेशी आणि कॅसेट मागायला येणारं गिऱ्हाईक केव्हाच थांबलंय. दुकानाचं आणि त्यांचं नाव कुठे छापायचं नाही, एवढी एकच अट त्यांनी घातली. ती शेवटपर्यंत पाळायची.

रेकॉर्डींचा गठ्ठा एकरकमी उचलायला मुंबईचा एक व्यापारी तयार आहे. काकांनी त्याला वर्षअखेरपर्यंत थोपवून धरलंय. तेवढ्या मुदतीत आम्ही चौघं दुकानातल्या प्रत्येक वस्तूची नोंद करणार, दुसरीकडे कुठे मिळणार नाही ते वाजवून संगणकावर उतरवून घेणार आणि काकांच्या तोंडून दुकानाची हकिकत ध्वनिमुद्रित करणार. चौघांत एक ध्वनिमुद्रक, एक ग्रंथपाल, कॉलेजच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवणारी एक मुलगी आणि लिहायचं काम माझ्याकडे.

तबकड्यांच्या याद्या करणारी जाणती मंडळी आपल्याकडे आहेत. १९९० साली मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने त्या बाबतीत फार मोलाचं काम केलंय. आमचा रोख दुकानावर आहे. गल्ल्यामागे बसून काय सुचवलं जायचं, गल्ल्यासमोर उभं राहून काय मागितलं जायचं आणि त्यातून पेठेत कोणतं गाणं वाजू लागायचं, हे आम्हाला टिपायचंय.

१८ जून, बुधवार

वर्गवारी सुरू. पुढच्या खोलीत कॅसेटी आणि थोड्या सीडी, मागच्या अंधाऱ्या खोलीत एलपी (बरीच गाणी मावणाऱ्या मोठ्या रेकॉर्डी), ईपी (मोजक्या गाण्यांच्या छोट्या) आणि ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या. माळ्यावर वह्या. वह्या कसल्या, ते काकांनी अजून सांगितलेलं नाही. "नंतर बघू" एवढंच म्हणाले.

ग्रंथपाल मैत्रिणीने तक्ता आखला. लेबलचं नाव, अनुक्रमांक, कलावंत, दोन्ही बाजूंचा मजकूर, अवस्था. एचएमव्हीच्या मोनो एलपीवर ईसीएलपी, स्टीरिओवर ईसीएसडी, सिनेमाच्या ईपीवर ७ईपीई ही अक्षरं असली की काम सोपं होतं. लेबल फाटलेलं असेल तर तबकडीच्या आतल्या गुळगुळीत कड्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक बॅटरी तिरपी धरून वाचायचा. तो क्रमांक कारखान्यातल्या साच्याचा असतो, त्यामुळे लेबल चुकीचं चिकटलं असलं तरी तो खरं सांगतो.

तक्त्याला मी आणखी एक रकाना जोडायला लावला: वस्तू दुकानात कुणी आणली, कुणासाठी आणली. हा रकाना बराच रिकामा राहील असं ग्रंथपालबाईंचं म्हणणं. राहू दे. जिथे भरेल तिथे बाकीच्या सगळ्या रकान्यांपेक्षा जास्त बोलेल.

२४ जून, मंगळवार

पालख्या पुढे गेल्या, रस्ते मोकळे झाले. हवेत ओल आली आहे, तेव्हा ७८ च्या तबकड्या आधी धुऊन, कोरड्या करून उभ्या लावायच्या. आडव्या थप्पीत खालच्या तबकड्या वाकतात, तडकतात.

या तबकड्या लाखेच्या. लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी एकत्र दाबून केलेल्या. स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लागलं की लाख विरघळते आणि गाणं कायमचं जातं. म्हणून इथे फक्त डिस्टिल्ड वॉटर, साबणाचा एखादा थेंब आणि मऊ ब्रश. ब्रश खाचांच्या दिशेनेच फिरवायचा, आडवा कधीच नाही. लेबलवर पाणी जाऊ द्यायचं नाही. एलपी प्लास्टिकच्या असल्यामुळे त्यांना पातळ केलेलं अल्कोहोल चालतं, पण गोंधळ नको म्हणून ती बाटली आम्ही या खोलीत आणतच नाही.

सुईचंही तसंच. ७८ ची खाच रुंद, तिला साधारण ३ मिलची सुई लागते (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीची सुई १ मिलच्या आसपास किंवा त्याहूनही बारीक. ती ७८ वर ठेवली तर खाचेच्या तळाशी जाऊन बसते आणि गाण्याऐवजी तळाची कचकच वाजवते. आमच्या ध्वनिमुद्रकाने दोन वेगळी हेडशेल, म्हणजे सुई बसवायची टोकं, तयार ठेवली आहेत.

वेगावर मात्र दुपार गेली. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं. त्याआधी गायक कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि तबकडीचा वेग ७८ च्या आगेमागे असायचा. वेग चुकला की सूर चढतो किंवा उतरतो, आवाजाची जातच बदलते. काकांनी मागून पेटी आणली. तबकडीतल्या पेटीचा षड्ज कुठल्या पट्टीवर बसतो ते बघत वेग कमी-जास्त केला. त्या काळच्या पेट्या आजच्या सुराला मिळवलेल्या नसायच्या, त्यामुळे हाही अंदाजच. शेवटी काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, आता शब्द नीट फुटतायत, इथेच ठेवा. ध्वनिमुद्रकाने तो वेग लिहून घेतला. असाच निर्णय प्रत्येक तबकडीसाठी घ्यायचा आणि कशावरून घेतला तेही नोंदवायचं.

२६ जून, गुरुवार

बालगंधर्वांची जयंती. १८८८ साली आजच्या दिवशी जन्म. म्हणून आज नाट्यगीतांचाच खण घेतला.

त्या निमित्ताने हक्कांचा विषयही मिटवला. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९६४ अखेरपर्यंत बाजारात आलेली ध्वनिमुद्रणं आता खुली आहेत. पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा. तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. नाटककार देवल १९१६ साली गेले, चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२, नाटककार खाडिलकर १९४८, संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५. यांचं सगळं खुलं. मास्टर कृष्णराव मात्र १९७४ साली गेले, तेव्हा त्यांच्या चाली २०३४ अखेरपर्यंत हक्काखाली. तबकडी १९३५ ची असली तरी! हे प्रत्येक नोंदीपुढे लिहायचं. दुकान बंद झाल्यावर कुणी संशोधक येईल, त्याला हे पुन्हा शोधत बसायला लागू नये.

९ जुलै, बुधवार

सकाळी जुना बाजार, दुपारी तपकीर गल्ली. कॅसेट डेकचे दोन पट्टे आणि एक पिंच रोलर (फीत पुढे ओढणारा रबरी रूळ) मिळाला. जुन्या बाजारात एलपींचे भाव पार बदललेत. पाऊस, म्हणून फार फिरता आलं नाही.

१९ जुलै, शनिवार

आज काकांनी माळ्यावरच्या वह्या खाली काढल्या. या प्रकल्पातलं सगळ्यात मोठं धन हेच, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

कॅसेट भरून देण्याच्या वह्या आहेत त्या. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदीच्या मध्यापर्यंत गिऱ्हाईक कोरी कॅसेट घेऊन यायचं किंवा इथूनच घ्यायचं आणि हवी ती गाणी सांगायचं. काका दुकानातल्या रेकॉर्डींवरून ती भरून द्यायचे. सी-९० ची एक बाजू ४५ मिनिटांची, तिच्यात एक अख्खी एलपी बसायची. सी-६० ची बाजू ३० मिनिटांची, ती सुट्या गाण्यांसाठी. ही नक्कल कायद्यात बसणारी नव्हती, काकांना ते माहीत आहे आणि ते लपवतही नाहीत. पण शहर काय ऐकत होतं याचा लेखी पुरावा दुसरीकडे कुठे आहे? कंपनीच्या हिशेबात किती माल पुण्याला गेला एवढंच असेल. इथे माणूस, तारीख, क्रम, सगळं आहे.

गिऱ्हाइकांची नावं फारशी नाहीत. काका पत्त्यावर माणूस ओळखायचे. "चिमण्या गणपती, वरचा मजला". "भिकारदास मारुती, मास्तर". "नागनाथ पार, सूनबाई". त्याखाली गाण्यांची यादी आणि कोपऱ्यात प्रसंग. बारसं. केळवण. श्रीमंतपूजन. एका पानावर "आजोबांसाठी, मोठ्याने ऐकू येईल असं" असं लिहिलंय आणि खाली हिराबाई बडोदेकर, माणिक वर्मा, गजानन वाटवे. भरताना आवाजाची पातळी किती ठेवली तेही काकांनी पेन्सिलीने टिपलंय.

वाटव्यांचं नाव पानोपानी आहे. त्याचं कारण काकांच्या वडिलांच्या आठवणीत आहे. १९४० च्या दशकात वाटव्यांचे भावगीतांचे कार्यक्रम गणेशोत्सवात गल्लोगल्ली व्हायचे. रात्री मांडवात गाणं ऐकलेली माणसं दुसऱ्या दिवशी तबकडी मागायला येत, आणि तबकडी घरी वाजली की पुढच्या वर्षी त्या गल्लीतल्या मंडळाला वाटवेच हवे असत. मांडव आणि दुकान असे एकमेकांना धरून चालत होते. "स्थानिक संगीत" म्हणून काही वेगळं दाखवायला लागतच नव्हतं, ते या दोन जागांच्या मध्ये चालू होतं.

आकाशवाणीचंही असंच. पुणे केंद्र १९५३ चं. तिथून एप्रिल १९५५ पासून वर्षभर दर आठवड्याला गीतरामायण लागलं, एकूण ५६ गीतं. वडिलांच्या एका जुन्या खातेवहीच्या मागच्या पानांवर नुसती गीतरामायणाची विचारणा करून गेलेल्यांची नोंद आहे, आल्यावर कळवायचं म्हणून.

वह्यांचं पान न् पान स्कॅन करायचं. पत्ते झाकायचे, प्रसंग ठेवायचे.

२ ऑगस्ट, शनिवार

पुढच्या कामाचा क्रम आज ठरला, आणि त्यावर बराच वाद झाला.

ध्वनिमुद्रकाचं मत: आधी ७८, मग एलपी, मग वेळ उरला तर कॅसेटी. तबकड्या जुन्या, दुर्मिळ, आणि त्यात ओडियनच्या लेबलवरचे अब्दुल करीम खाँसाहेब आहेत, यंग इंडिया लेबलच्या काही आहेत. बेस वाजवणाऱ्या मुलीचं आणि माझं मत नेमकं उलट. खाँसाहेबांची तबकडी व्यापाऱ्याकडे गेली तरी कुणा जाणत्या संग्राहकाच्या कपाटात जपली जाईल, आणि तेच ध्वनिमुद्रण आणखी कितीतरी जणांकडे आहे. कॅसेटींकडे मात्र व्यापाऱ्याने ढुंकूनही पाहिलं नाही. त्या रद्दीत जाणार. आणि त्यांत निदान तीन खोकी अशी आहेत, ज्यांवर कंपनीचं लेबलच नाही. हाताने लिहिलेली नावं. भजनी मंडळं, शाहीर, जयंतीच्या जलशांची पथकं, एका कीर्तनकारबुवांचं आख्यान, देखाव्यांचे ध्वनी, कॉलेजचे बँड. याची दुसरी प्रत जगात असेलच असं नाही.

हे इथे कसं आलं? तबकडी काढायची तर कंपनीने निवडायला लागायचं. एचएमव्हीची छपाई कोलकात्याला, पहिला कारखाना १९०८ साली सियालदहला आणि पुढे डमडमला. पुण्यातल्या भजनी मंडळाला तिथवर कोण नेणार? कॅसेटीने तो अडसर काढला. दोन डेक, एक माइक आणि एक खोली असली की झालं. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या कॅसेटी कंपन्यांनी गावोगाव पोचवल्या. पण ताडीवाला रोडवरचं एखादं पथक आपली कॅसेट स्वतः काढून काकांच्या गल्ल्यावर ठेवून जायचं. विकली तर पैसे, नाही तर परत. काकांनी कुणाला नाही म्हटलं नाही. "त्यांचं त्यांनी काढलंय, आपण नुसतं मांडायचं," हे त्यांचं धोरण.

जगात इतरत्रही छोट्या दुकानांनी हेच केलंय. लंडनचं रफ ट्रेड १९७६ साली दुकान म्हणून सुरू झालं, नव्या बँडांनी स्वतः छापलेल्या रेकॉर्डी विकता विकता १९७८ साली ते स्वतःच लेबल झालं. आपल्या कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसनेही दुकान आणि प्रकाशन एकत्र चालवलं. शास्त्रीय मैफलींच्या आणि पु. ल. देशपांड्यांच्या कॅसेटी त्यांच्यामुळे मराठी घरांत पोचल्या. काका तेवढे पुढे गेले नाहीत. पण जे लोक आपणहून आले त्यांना गल्ल्यावर जागा देणं हेही त्याच जातीचं काम आहे.

शेवटी ग्रंथपालबाईंनी कौल दिला: बिनलेबलच्या कॅसेटी आधी, वह्या त्यांच्या बरोबरीने, ७८ नंतर. ध्वनिमुद्रकाने मान्य केलं आणि लगेच डेकचं झाकण उघडलं.

१६ ऑगस्ट, शनिवार

गोकुळाष्टमी, दहीहंडीमुळे बाहेर कर्णकर्कश आवाज. वाजवायचं काम बंद, दुरुस्ती चालू.

कॅसेटीच्या मधोमध पितळी पट्टीवर कापसासारखा एक इवलासा चौकोन असतो. तो फितीला डेकच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. पंचवीस-तीस वर्षांत त्याचा गोंद सुकतो आणि चौकोन गळून आत कुठेतरी पडतो. मग आवाज दबलेला येतो, कधी एकाच कानात येतो आणि माणसांना वाटतं फीत खराब झाली. फीत चांगली असते. पाच स्क्रूंचं कवच असेल तर उघडून नवा चौकोन लावता येतो. पण स्वस्तातल्या कॅसेटींची कवचं चिकटवून बंद केलेली. ती कटरच्या पात्याने शिवणीवरून हळूहळू उकलायची, दोन्ही चकत्या फितीसकट उचलायच्या, स्क्रूच्या कवचात जशाच्या तशा बसवायच्या, फीत दोन्ही बाजूंच्या रुळांवरून नेऊन मग झाकण लावायचं. मूळ कवच फेकायचं नाही, त्यावरचं हस्ताक्षर हाच पत्ता.

वाजवताना पुढचं काम. घरच्या डेकवर भरलेल्या कॅसेटीचा अ‍ॅझिमथ (हेडचा फितीशी होणारा कोन) ज्याच्या त्याच्या डेकसारखा तिरपा असतो. हेडचा बारीक स्क्रू केसभर फिरवत राहायचं, टाळांचा खणखणाट जिथे उघडा पडेल तिथे थांबायचं. टाळ यासाठी फार उपयोगी. उतरवताना ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, म्हणजे बारकावे गमवायचे नाहीत. कुठलीही सफाई मूळ प्रतीवर करायची नाही, सुरसुर तशीच ठेवायची. ऐकण्याची प्रत वेगळी करायची.

आज ज्या भजनी मंडळाची कॅसेट उघडली तिच्यात पहिल्या अभंगाआधी कुणीतरी सगळ्यांना पंखा बंद करायला सांगतंय. आवाजावरून बुवाच असावेत.

२४ ऑगस्ट, रविवार

गणपती तीन दिवसांवर. देखाव्यांच्या कॅसेटी याच आठवड्यात ऐकायच्या असं मुद्दाम ठरवलं होतं, कारण मंडळांची जुनी मंडळी आत्ताच एका जागी सापडतात.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. जिवंत देखाव्यात कार्यकर्ते वेशभूषा करून प्रसंग उभा करतात, पण ते बोलत नाहीत. संवाद, निवेदन, पार्श्वसंगीत आधी ध्वनिमुद्रित केलेलं असतं आणि नट त्यावर ओठ आणि हात हलवतात. दहा दिवस, रोज रात्री, तोच खेळ पुन्हा पुन्हा. म्हणजे दरवर्षी पेठांतल्या छोट्या स्टुडिओंत नाटकवाले, पेटीवाले, तबलजी, सिंथेसायझरवाले बसून पंधरा-वीस मिनिटांचं श्राव्य नाटक तयार करायचे. विसर्जन झालं की ती कॅसेट कुणाच्या तरी कपाटात. काकांकडे या कॅसेटी येण्याचं कारण साधं होतं. खेळ चालू असताना फीत तुटली तर लगेच दुसरी मिळावी म्हणून मंडळं एक जादा प्रत इथे ठेवायची.

संध्याकाळी एका जुन्या बँडमास्तरांना भेटलो. विसर्जन मिरवणुकीत प्रभात बँड, दरबार बँड ही नावं सगळ्यांना ठाऊक. मास्तर त्याहून लहान पथकातले, क्लॅरिनेटवाले. नवा सिनेमा आला की ईपी घ्यायला ते इथेच यायचे. ईपी ४५ च्या वेगाने चालते. मास्तर ती ३३ वर लावून मागायचे, म्हणजे अंतऱ्यातल्या सनईच्या किंवा व्हायोलिनच्या जागा सुट्या ऐकू येतात. सूर खाली उतरतो, तो मनात चढवून घ्यायचा आणि सरगम वहीत लिहायची. लग्नसराईच्या आधी दुपारच्या वेळी दुकानात गिऱ्हाईक नसलं की काका त्यांना हवं तेवढा वेळ रेकॉर्ड लावू द्यायचे, पैसे न घेता. मास्तरांची ती वही अजून आहे. स्कॅन करायला दिली आणि आमच्याकडून पावती लिहून घेतली. बरोबरच केलं.

७ सप्टेंबर, रविवार

मिरवणूक अजून संपलेली नाही. दुकान बंद. रात्री रस्त्यावर जे ऐकलं त्यात ढोल-ताशाच्या पथकांचा भरणा, क्लॅरिनेट क्वचित. मास्तरांच्या वहीचं महत्त्व त्यामुळे आणखी वाढतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

आजची बैठक बेस वाजवणाऱ्या मुलीने घेतली. तिने कॉलेजच्या बँडांच्या कॅसेटी वेगळ्या काढल्या होत्या. बहुतेक इंग्रजी रॉक, मधूनच मराठी. कॅम्पातल्या मुलांचे बँड सदाशिव पेठेत कॅसेट ठेवायला येत होते, हे आम्हा सगळ्यांनाच नवीन होतं. काका म्हणाले, एम. जी. रोडवरच्या दुकानांत परदेशी माल भरलेला असायचा, हौशी मुलांना तिथे फळी मिळायची नाही, इथे मिळायची. मग भरत नाट्य मंदिरात नाटकाच्या तालमीसाठी येणारी मुलं त्या कॅसेटी घ्यायची आणि त्यातल्या कुणाला तरी आपल्या एकांकिकेसाठी गिटारवाला सापडायचा. एका कॅसेटीच्या आतल्या कागदावर ड्रमरचा लँडलाइन नंबर आणि "एकांकिकेसाठीही वाजवतो" अशी ओळ आहे.

आज पुण्यात स्वतंत्र बँडांना वाव पुष्कळ आहे. एनएच७ वीकेंडरची सुरुवात २०१० साली पुण्यातच झाली. ईझी वाँडरलिंग्जसारखा इथला बँड देशभर ऐकला जातो. गाणं इंटरनेटवर चढवायला कुणाची परवानगी लागत नाही. मुलीचा मुद्दा असा, की चढवणं सोपं झालं पण समोरासमोर गाठ पडणं अवघड झालं. तिच्या बँडचं गाणं परदेशात कोण ऐकतं ते तिला पडद्यावर दिसतं, शेजारच्या पेठेत कोण ऐकतं ते कळायला मार्ग नाही. मला तिचं म्हणणं पटतं. एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारच्या सुमारास २००८ पासून जगभर रेकॉर्ड स्टोअर डे साजरा होतो, त्यात दुकानात बँड वाजवतात तेही याचसाठी. मुंबईचं ऱ्हिदम हाऊस १९४८ साली सुरू होऊन २०१६ साली बंद झालं, तेव्हा लोक हळहळले तेही निव्वळ सीडींसाठी नव्हतं. तिथल्या विक्रेत्यांना गाणं कळायचं.

तिने एक सूचना केली आणि ती मंजूर झाली: दुकान बंद होण्याआधी इथेच एक श्रवणसत्र.

९ नोव्हेंबर, रविवार

श्रवणसत्र झालं. जागा लहान, म्हणून थोडीच माणसं बोलावली; जिन्यावरही बसली. क्रम असा: हिराबाईंची एक ७८, मग भजनी मंडळाची कॅसेट, मग एका देखाव्यातली पाच मिनिटं, मग कॉलेज बँडचं एक गाणं, आणि शेवटी मुलीच्या बँडने अ‍ॅम्प्लिफायरशिवाय दोन गाणी वाजवली.

लोक बोलले भजनी मंडळाच्या कॅसेटीवर. एका आजींनी मागून आवाज दिला, पखवाज थांबवू नका. त्यांचे दीर वाजवतायत म्हणाल्या. त्यांनी चार नावं सांगितली, मुलीने ती लिहून घेतली. तक्त्यातला तो रिकामा राहणारा रकाना आज एका बैठकीत बराच भरला. यापुढे प्रत्येक बिनलेबलची कॅसेट त्या त्या गल्लीत नेऊन वाजवायची, असं ठरलं. घरी हेडफोन लावून बसलं तर ही नावं मिळणार नाहीत.

काका सत्रभर गल्ल्यावरच बसले होते. एका मुलाने जाताना एलपी विकत घेतली, तर त्याला त्यांनी ती दोन्ही कडांनी कशी धरायची ते दाखवलं.

१५ डिसेंबर, सोमवार

सवाई काल संपलं. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या या महोत्सवाचे दिवस म्हणजे दुकानाचा सुगीचा काळ असायचा. रात्री जो गवई रंगला, त्याचा माल सकाळी दुकान उघडायच्या आत बाहेर काढून ठेवायचा, ही वडिलांची शिस्त. काकांनी या वर्षीही तसंच केलं. घ्यायला आलेल्यांत आम्हीच जास्त होतो.

कामाची स्थिती. बिनलेबलच्या तिन्ही खोक्यांतल्या वाजण्यासारख्या सगळ्या कॅसेटी उतरवून झाल्या. वह्या स्कॅन झाल्या, पत्ते झाकायचं काम निम्मं बाकी. ७८ पैकी ज्यांवर लेबल नाही किंवा ज्यांचा क्रमांक कुठल्याच यादीत सापडला नाही तेवढ्या घेतल्या, उरलेल्यांची फक्त नोंद आणि लेबलांची छायाचित्रं. व्यापारी २८ तारखेला येतोय. त्याने यादीची एक प्रत मागितली आहे. देणार आहोत, कारण माल कुठे गेला हे आम्हालाही त्याच्याकडून कळायला हवं.

परवानग्यांचं काम चालू. ऐंशी-नव्वदीच्या कॅसेटींचे हक्क सरळ सरळ शाबूत आहेत, त्यामुळे गाणाऱ्यांच्या किंवा त्यांच्या घरच्यांच्या लेखी संमतीशिवाय एकही ध्वनी खुला करायचा नाही. जिथे माणूस सापडला नाही तिथे ध्वनी बंद ठेवून फक्त नोंद दाखवायची. शाहिरांच्या मुलाने संमती दिली. जलशाच्या पथकाने ऐकायला मागितलंय, ऐकून सांगतील. बँडच्या ड्रमरचा नंबर अर्थातच लागत नाही, पण त्या वर्षीच्या एकांकिकेतल्या एका नटाकडून धागा मिळालाय.

भजनी मंडळाच्या बुवांचे चिरंजीव आज दुकानात येऊन सही करून गेले. त्यांनी अट घातली, की कॅसेटीवर फक्त बुवांचं नाव होतं ते चालणार नाही, पखवाजी, पेटीवाले आणि सगळ्या टाळकऱ्यांची नावं आली पाहिजेत. दोन टाळकऱ्यांची नावं अजून मिळालेली नाहीत. गुरुवारी त्यांच्या आळीतल्या विठ्ठल मंदिरात भजन असतं, डेक घेऊन तिथे जायचं.